सही कशावर घेता?

माझ्या मुलाच्या शाळेतल्या फाइलीत माझ्या पाच सह्या आहेत. पहिली प्रवेशअर्जावर. दुसरी हमीपत्रावर: ‘पाल्यास शाळेच्या आवारात इजा झाल्यास त्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ तिसरी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर, चौथी व्हीलचेअर मिळाल्याच्या पावतीवर. पाचवी सही तो पाचवीत गेला त्या वर्षाची आहे. त्या कागदावर छापलेलं होतं की, मी माझ्या पाल्यास घरी राहून शिक्षण देण्यास स्वखुशीने संमती देत आहे.

त्याला वर्षभरात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, त्यासाठी शाळेनं काय करायचं आणि मी काय करायचं, हे लिहिलेल्या कागदावर माझी एकही सही नाही. तसा कागद मला आजवर कुणी दाखवलेलाच नाही.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर बोलणं निघालं की रॅम्प, साहित्य, शिष्यवृत्ती यांवरच गाडी थांबते. मला त्या न दाखवलेल्या कागदाबद्दल बोलायचं आहे. आई-बापाची सही आज शाळेला मोकळं करणाऱ्या कागदांवर घेतात. ती मुलाच्या शिक्षणाच्या आराखड्यावर घेतली पाहिजे, आणि ती झाल्याशिवाय तो आराखडा पुरा झाला असं कुणी धरू नये. माझी मागणी एवढीच आहे. ती मान्य झाली तर बाकीच्या बऱ्याच गोष्टींना हात घालता येईल असं मला अनुभवावरून वाटतं.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मी पतसंस्थेत काम करते. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय आणि उजवा हात आखडलेला, बोलणं सावकाश. सवयीच्या माणसाला त्याचं सगळं कळतं. चौथीपर्यंत त्याचा वर्ग खाली होता. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. जूनमध्ये मला ऑफिसात बोलावून समजावलं गेलं. अतिशय चांगल्या शब्दांत. “ताई, पोराचे हाल होतील. त्यापेक्षा घरी राहू द्या, मॅडम येऊन शिकवतील, नाव पटावर राहीलच.” मी सही केली. रोज कर्जाच्या कागदावर लोकांच्या सह्या घेते मी. अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या दिवशी माझा स्वतःचा कागद मी वाचला नाही. समोरचा माणूस आपल्या लेकराच्या काळजीनं बोलतोय असं वाटलं की वाचायचं सुचत नाही.

सात आठवडे तो घरी होता. घरी शिकवायला कुणी आलं ते दोनदा. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, अहिराणी सोडून दुसरं बोलत नाहीत. त्या रोज त्याला ओट्यावर बसवायच्या आणि जाणारी-येणारी पोरं तो बघत बसायचा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, “मना पोऱ्याले समजस, तुमलेच समजत नही.” दुसऱ्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि एक अर्ज लिहून शाळेत गेले: पाचवीचा वर्ग खाली आणावा आणि खालचा तिसरीचा वर्ग वर न्यावा. आधी दिलेली संमती मी मागे घेत आहे.

वर्ग हलवायला एक दुपार लागली. शिपाई दादा आणि सातवीच्या चार पोरांनी बाकं उचलली. एका फळ्याचा खिळा निघेना म्हणून तो तिथंच राहिला आणि दोन्ही वर्गांनी फळेही बदलून घेतले. खर्च शून्य. त्याच दुपारी हजेरीपट समोर उघडा होता, त्यात मला एकोणतीस नंबरला माझ्या मुलाचं नाव दिसलं. गेले सात आठवडे तो रोज हजर होता.

हे एका शाळेचं उणं काढण्यासाठी सांगत नाही. त्याच शाळेत आज त्याला जीव लावणारे शिक्षक आहेत. मी सांगतेय ते यासाठी की, त्या जूनमध्ये ऑफिसात माझ्यापुढं छापील संमतीपत्र आलं, त्याऐवजी कोरा कागद आला असता आणि ‘हा पाचवीत कसा शिकेल’ एवढं विचारलं असतं, तर वर्ग खाली आणायचं त्याच दिवशी सुचलं असतं. मलाही आणि त्यांनाही.

आता कायदा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळे त्यात आले. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची किती घरं आहेत हे नंदुरबारकडच्या माणसाला सांगायला नको. या कायद्याचं सोळावं कलम मला पाठ झालं आहे. सरकारी असो वा सरकारमान्य, शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी करायची, प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची, एकेकट्या मुलाला लागणारा आधार द्यायचा, त्याची प्रगती बघत राहायचं. मुलाच्या ने-आणीची सोय, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या सोबत्यालाही ती. आणि या कलमात अपंगत्वाच्या टक्क्याची अट नाही. आपल्याकडं मात्र पहिला प्रश्न असतो, “किती टक्के?” चाळीस टक्क्यांची अट कलम ३१ मध्ये आहे, तिथं सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. ती अट सोळाव्या कलमात आणून कुणी सर्टिफिकेट येईपर्यंत थांबायला सांगत असेल, तर ते चूक आहे. सर्टिफिकेटसाठी जिल्ह्याला तीन-तीन खेपा होतात, तोवर मुलाचं एक वर्ष जातं.

घरून शिक्षणाचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडता येईल असं आलं. निवडता येईल. हा मुलाचा हक्क आहे. शाळेनं सुचवायची सोय म्हणून तो आलेला नाही. माझ्या मुलाला पायरी चढता येत नव्हती, म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी दुसऱ्यानंच हा पर्याय निवडून टाकला आणि सही माझी घेतली.

मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका मुलीच्या सर्टिफिकेटसाठी मी नंदुरबारला गेले होते. रांगेत शेजारी एक पावरा बाई होती, धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. पहाटे अंधारात जीपनं निघालेली. सोबत आठ वर्षांची लेक, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाईला मराठी थोडीच येत होती. भाची सोबत होती ती पावरीतून सांगायची. बाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या केलेला एक कागद काढून मला विचारलं, पैसे कधी सुरू होतील? शाळेतून कुणीतरी अंगठा घेतला होता, त्याचीच ही प्रत, आणि तिची समजूत होती की ती पगार सुरू करण्याची आहे. कागद उलगडला तर तेच. घरी राहून शिक्षण देण्यास संमती. माझ्या पाचव्या सहीचा कागद.

ऐकू न येणाऱ्या मुलीला पाड्यावरच्या एका घरात ठेवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. तिला शिकायची आहे ती खुणांची भाषा, आणि ती शिकायला ती भाषा बोलणारी दुसरी माणसं, दुसरी मुलं लागतात. घरात तिच्याशी खुणांनी बोलणारी एकटी आई, आणि दिवाळीनंतर ती आईच ऊसतोडीला गुजरातेत जाणार. घरच पाचटाच्या खोपीत गेल्यावर त्या संमतीपत्रातलं घर कोणतं? कायदा सांगतो की ऐकू न येणाऱ्या मुलाला त्याला जमेल त्या भाषेत आणि पद्धतीनं शिकवलं पाहिजे, आणि त्यासाठी खुणांची भाषा येणारे शिक्षक तयार केले पाहिजेत. विशेष निवासी शाळा हाही एक रस्ता होता. मुलीपुढं हे दोन रस्ते आहेत हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला कळणाऱ्या बोलीत तर नाहीच. जिथं अहिराणी, भिली, पावरी, मावची, लेवा बोलणारी माणसं आहेत, त्या खान्देशात कागदी मराठीतल्या संमतीपत्रावर घेतलेला अंगठा संमती कसा ठरतो? पतसंस्थेत असं कर्ज कुणी दिलं तर लेखापरीक्षक हरकत काढतो. मुलीच्या आख्ख्या शिक्षणावर हरकत काढणारं कुणी नाही.

पालकांना या टेबलाशी बसवण्याचा विचार नवा नाही. अमेरिकेत एके काळी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना सरकारी शाळा सरळ दार लावून घेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात पालकांची संघटना कोर्टात गेली, १९७२ मध्ये त्यांच्या बाजूनं तडजोडीचा हुकूम झाला, आणि अशा लढ्यांतून १९७५ चा देशपातळीवरचा कायदा आला. त्या कायद्यात प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा असतो. तो ठरवायच्या बैठकीला पालकाला बोलवावंच लागतं, आणि पहिल्यांदा विशेष शिक्षण सुरू करण्याआधी त्याची लेखी संमती लागते. वर्षातून एकदा तरी तो आराखडा पुन्हा बघायचा. पटलं नाही तर सुनावणी मागता येते. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. वकील परवडणाऱ्या पालकाला तिथंही जास्त मिळतं. तरी एक गोष्ट तिथल्या पालकांनी मिळवली: संमतीची सही मुलाला काय मिळणार, त्यावर होते. आपल्याकडं ती काय सोडून दिलं, त्यावर होते.

आपल्याकडं वैयक्तिक आराखडा हा शब्द नाही असंही नाही. समग्र शिक्षा योजनेत तो आहे, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका तो भरतात. एका मॅडमनी मला मोकळेपणानं सांगितलं की त्या रात्री घरी बसून मुलांचे आराखडे भरतात, कारण दिवसभर फिरणंच संपत नाही. मुलाला न बघता, आईला न विचारता. त्यांच्यावर मी राग काढू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की, पहिली ते पाचवीला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. करारावर नेमलेल्या आणि डोक्यावर कितीतरी गावं घेतलेल्या बाईला हे आकडे दाखवले तर ती हसेल.

वर्गशिक्षकांचंही ओझं मला माहीत आहे. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं. अशा शिक्षकाला ‘अजून एक कागद’ म्हटलं की तो वैतागणार, आणि बरोबरच आहे. पण हा कागद अर्ध्या पानाचा आहे आणि वर्षातून एकदाच करायचा आहे. त्या अर्ध्या पानासाठी आईबरोबर वीस मिनिटं बसलं तर पुढचे कितीतरी तास वाचतात. मुलाला कुठल्या बाजूनं बोललं की कळतं, कशाला घाबरतो, लघवीला जायचं कसं सांगतो, हे घरच्यांना माहीत असतं. शिक्षक ते सहा महिने चाचपडत शोधतो आणि वर्ष संपल्यावर मूल दुसऱ्या शिक्षकाकडं जातं. तिथं पुन्हा पहिल्यापासून.

पालक नेहमी बरोबर असतात असं मी म्हणणार नाही. मूल घरात लपवणारी घरं मी बघितली आहेत. सोयरीक बिघडेल म्हणून एका घरी पाहुणे आले की मुलीला मागच्या खोलीत ठेवायचे. सर्टिफिकेट फक्त निराधार योजनेच्या पैशापुरतं हवं असणारेही आहेत. आणि मी? सातवीची सहल अजिंठ्याला जाणार होती. शाळेनं नेण्याची तयारी दाखवली, शिक्षक म्हणाले आम्ही उचलून घेऊ, आणि नको म्हणणारी मी होते. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्यामुळं पालकाचा हक्क हा पालकाच्या मालकीचा आहे असं मी मानत नाही. तो मुलाच्या हक्काची राखण आहे. मूल मोठं होईल तसतशी ती राखण सैल व्हायला हवी, आणि आराखड्याच्या बैठकीत मुलालाही बसवायला हवं. बोलता येत नसेल तर चित्रांनी, हातानं, मानेनं सांगू द्या. कायदासुद्धा पालकत्वाकडं असंच बघू लागला आहे: २०१६ च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आलं, म्हणजे निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, तिच्याबरोबर घ्यायचा.

मग आज, नवा शासन निर्णय येण्याची वाट न बघता, काय करता येईल? एक दार आधीच उघडं आहे आणि त्यातून कुणी आत जात नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असंही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल त्या वंचित घटकात मोजलं जातं. म्हणजे शाळेत अशी मुलं असतील तर त्यांच्या आया-बापांनी समितीत बसणं हा उपकार नाही, कायदा आहे. मी ओळखीच्या अकरा घरांत विचारलं. समितीवर एकही नव्हतं. दहा घरांना अशी काही तरतूद आहे हेच माहीत नव्हतं; अकराव्या घरी माहीत होतं, पण सभेची वेळ कळवलीच जात नव्हती. सरकारी शाळेत विकास आराखडा ही समिती करते, अनुदानाचा खर्च ती बघते; अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्याचं असतं. कुठला वर्ग खाली आणि कुठला वर, संडासाला कडी किती उंचीवर, हे तिथं ठरू शकतं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. तो दरवर्षी सतरंज्या आणि भांडी वाटण्यात जाऊ न देता शाळेच्या दारापर्यंत रस्ता करण्यात घालवा, हेही तिथंच मांडता येतं.

आणि तोंडी बोलू नका. हे मी पतसंस्थेतल्या सवयीनं सांगते. शाळेत जे मागायचं ते अर्ज करून मागा, दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या, आवक नंबर टाकून मागा. “अर्ज कशाला ताई, आपण घरचेच आहोत” असं कुणी म्हणालं तरी पोच घ्या. उत्तर नाही आलं तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, त्यापुढं पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. मुलाच्या नावानं काय मंजूर झालं आणि काय दिलं हे माहितीच्या अधिकारात मागता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०१६ चा कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. मला कुणाला दंड करायचा नाही. पण पोच असलेला अर्ज टेबलावर असला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः बघितलं आहे. जिची भाषा कागदाची नाही तिला मात्र कुणीतरी सोबत लागतं. धडगावच्या त्या बाईसाठी तिच्या भाचीनं शाळेला अर्ज लिहिला, संमती मागे घेतली; मजकूर मी फोनवर सांगितला. ती मुलगी आता निवासी विशेष शाळेत आहे. आईला तिला सोडून येताना फार जड गेलं आणि हा निर्णय बरोबर का हे तिला अजून ठरवता येत नाही. पण या वेळी तिनं दोन्ही रस्ते ऐकून घेऊन ठरवलं.

माझा मुलगा या जूनमध्ये नववीत गेला. शाळेनं आराखडा दाखवायची वाट न बघता या वेळी मीच अर्धं पान लिहून नेलं. चार ओळी: वर्ग खाली; लिहायला जास्त वेळ, आणि सरावापासूनच लेखनिक, बोर्डाच्या वर्षी एकदम नको; मधल्या सुट्टीत मदतनीस; दर दोन महिन्यांनी एकत्र बसून बघणं. खाली सह्यांसाठी जागा: मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक. आदल्या रात्री त्याला वाचून दाखवलं. तिसरी ओळ त्यानं मला खोडायला लावली. सुट्टीत त्याचे दोस्त असतात, मदतनीस आला तर ते लांब बसतील. त्याऐवजी त्यानं प्रयोगशाळेतलं टेबल कमी उंचीचं हवं असं लिहायला सांगितलं. गेलं वर्षभर प्रयोग त्याला खालून, दुसऱ्यांच्या कोपरांमधून बघावे लागले होते. हे मला माहीत नव्हतं. मग त्यानं कागद स्वतःकडं ओढला आणि पालकाच्या रेघेखाली डाव्या हातानं आणखी एक रेघ मारली.